आईच्या झोपेचे हितचिंतक

झोप येत नाही ही तक्रार आमच्या घराण्यात कुणी कधी केली नव्हती. पणजोबा इकडे हिंदी मुलखात दरबारच्या फौजेत स्वार होते आणि चालत्या घोड्यावर झोपायचे, हे आमच्याकडे अजून छाती फुगवून सांगतात. लढाईची मात्र एकही गोष्ट कुणी सांगत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. वडील मिलमध्ये फिटर होते. रातपाळी करून सकाळी यायचे आणि खाली आमच्या दाना ओलीत, म्हणजे गल्लीत, ठेलेवाल्यांची भांडणं ऐन रंगात असताना वरच्या खोलीत आडवे होऊन घोरायला लागायचे. ते घोरणं असं की ठेलेवालेच शेवटी कंटाळून पुढच्या गल्लीत जाऊन भांडायचे.

झोपेचा आणि डोक्याचा काही संबंध असतो ही बातमी घरात आणली मी. कारण घरात पहिली डिग्री माझी. बी.एस्सी., केमिस्ट्री. आईने ती काचेत घालून देवघराशेजारी टांगली आहे. हळदीकुंकवाला आलेली बाई आधी देवाला हात जोडते आणि मग आई तिला डिग्रीपुढे उभी करते. मी शहराच्या पाण्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिघऱ्याच्या धरणाहून येणारं पाणी बाटल्यांत भरून येतं, त्यात काय आहे आणि काय असायला नको ते मी सांगते. लोक माझं ऐकतात, कारण पाणी उलटून बोलत नाही. घरच्या माणसांचं तसं नाही.

वडील गेले आणि त्यांच्या मागोमाग आईची झोप गेली. शेजारणींनी याला दुःख म्हटलं. दुःख होतंच. पण आईने मला सांगितलं ते जरा वेगळं होतं. "अगं, खोलीत आवाजच नाही. झोपू कशावर?" लग्नापासून ती त्या घोरण्याच्या काठावर झोपत आली होती. आता शांततेने तिला जाग यायची.

आमच्यात माणूस गेलं की त्या घरची चूल काही दिवस पेटत नाही. नातेवाईक आळीपाळीने डबे आणतात, कढी-खिचडी, पिठलं-भात. ही जुनी रीत. हल्ली डब्याबरोबर गोळ्याही येतात, ही नवी रीत. मोठी काकू, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, एक गल्ली सोडून राहते. तिने पिठल्याच्या डब्याच्या झाकणावर गोळ्यांची एक पट्टी ठेवून आणली आणि नैवेद्य ठेवावा तशी आईपुढे ठेवली. ती स्वतः ती गोळी कित्येक वर्षं घेत होती. "मला बघ," ती म्हणाली, "मला काही झालं का?" खोलीत आम्ही पाच-सहा जण होतो. उत्तर द्यायची कुणाची छाती झाली नाही.

दुसरे हितचिंतक टोपी बाजारातल्या औषधांच्या दुकानाचे मालक. अर्धी दाना ओली त्यांना भाईसाहब म्हणते आणि ज्यांना त्यांच्या गोळीने अजून काही व्हायचं आहे ती अर्धी डॉक्टरसाहब. आई तिथे गुडघ्याचं मलम आणायला गेली, डोळ्यांखालचं काळं त्यांनी पाहिलं आणि एक ॲलर्जीची गोळी हातावर ठेवली. खाज नाही, शिंका नाहीत, मग ॲलर्जीची कशाला, असं आईने विचारलं म्हणे. ते म्हणाले, "माताजी, बिल्कुल हल्की है. हम खुद लेते हैं." आमच्या शहरात याला क्लिनिकल ट्रायल म्हणतात.

तिसरा माझा धाकटा भाऊ. तो इंदूरला कंपनीत आहे, परदेशातल्या लोकांशी त्यांच्या वेळेप्रमाणे बोलतो आणि आमच्याशी वेळ उरला तर. त्याने कुरियरने एक बरणी पाठवली. आत झोपेसाठीच्या लाल लाल, चॉकलेटसारख्या गोड, रबरी चौकोनी वड्या. पूर्ण नॅचरल आहे ताई, मी स्वतः रोज खातो, शरीरातच असतं हे, असं त्याने मला फोनवर समजावलं. शरीरात युरियाही असतो हे मी त्याला सांगितलं नाही. मोठ्या बहिणीने सगळंच बोलून दाखवायचं नसतं.

मी आईला गोळी कधीच दिली नाही. मी शिकलेली आहे. मी तिला माहिती दिली.

बरं, या तिन्ही हितचिंतकांना एकमेकांचा पत्ता नव्हता. काकूला वाटायचं आई तिची गोळी घेते. भावाला वाटायचं आई त्याचं चॉकलेट खाते. मला वाटायचं भावाची बरणी कपाटात पडून आहे, दुकानातली गोळी तर मला माहीतच नव्हती, काकूची तेवढी माहीत होती आणि मी तिच्याविरुद्ध दर रविवारी किला गेटहून येऊन भाषण देत होते. माझं सासर किला गेटला, त्यामुळे भाषणाला यायला-जायला टेंपोत बराच वेळ जायचा, आणि त्या वेळात मी पुढच्या रविवारचे मुद्दे काढायचे.

अशी दोनेक वर्षं गेली. मग आई विसरायला लागली.

सुरुवातीला आम्ही हसलो. आमटीत मीठ दोनदा पडलं, हसलो. मला तिने आत्याच्या नावाने हाक मारली, आत्याला हसू आलं आणि मलाही. दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं आणि आई समोर स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत होती, तेव्हा हसू जरा कमी पडलं. सकाळी अकरा वाजता ती बसल्या जागी पेंगायची. जिन्यावर तोल जायचा. फोनवर काहीही विचारलं तरी हो म्हणायची. भावाला हे हो फार आवडायचं. आई किती शांत झाली आहे, असं तो म्हणायचा. मग एका सकाळी ती भाजी आणायला उतरली आणि आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, जिथे ती नवी नवरी म्हणून टांग्यातून उतरली होती, तिथे हातात पिशवी घेऊन उभी राहिली. कुठे वळायचं ते कळेना. ओळखीच्या कुणीतरी हात धरून वर आणून सोडलं आणि मग, अर्थात, संध्याकाळपर्यंत सगळ्या ओलीला सांगितलं.

काकूने निदान केलं. "सठियाई." साठी बुद्धी नाठी म्हणायला हिंदीत एकच शब्द पुरतो, म्हणून आमच्याकडे असले शब्द हिंदीतूनच घेतात.

भावाने निर्णय केला. दसऱ्याला येतो, आईला इंदूरला घेऊन जातो, दोन खोल्यांना कुलूप लावतो, गॅसचं कनेक्शन परत करतो. आईला फोनवर विचारलं. आई हो म्हणाली. म्हणजे तिची संमती मिळाली.

त्या रविवारी मी गेले तेव्हा ती पाट्यावर चटणी वाटत बसली होती. मिक्सर आहे घरात, मीच घेऊन दिला आहे, पण तो तिला पाहुण्यासारखा वाटतो. वाटता वाटता वर न बघता म्हणाली, "तिकडे नवव्या मजल्यावर मला कोण ओळखेल?" आजाराचं नाव तिने काढलं नाही. तिला भीती आजाराची नव्हतीच, कुलपाची होती. मग पुन्हा वरवंटा चालू झाला. काही प्रश्नांना केमिस्ट्री लागू पडत नाही.

शिकलेल्या माणसावर संकट आलं की तो वाचतो. मी वाचलं. लॅबमध्ये नमुने आपापल्या वेळेत रंग बदलत असताना मी मोबाईलवर वाचत बसायचे. एक लेख म्हणे, झोप कमी झाली की पुढे स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढते. गाढ झोपेत मेंदू दिवसभराचा कचरा धुऊन काढतो, झोपलाच नाहीत तर कचरा साचतो. पटलं. आमच्या वॉर्डात तेच चालू आहे. दुसरा लेख म्हणे, झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर शक्यता वाढते. तिसरा म्हणे, संबंध दिसतो, पण कारण तेच आहे हे सिद्ध नाही. कदाचित आजार आतून आधीच सुरू होतो, त्यामुळे झोप उडते, म्हणून माणूस गोळी घेतो, आणि नाव गोळीचं होतं. चौथ्यात फार जास्त झोपणाऱ्यांचंही काही खरं नाही असं होतं. आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी एकच वाक्य: आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. म्हणजे टोपी बाजारात जा.

मी हे सगळं जसंच्या तसं आईला वाचून दाखवलं. शास्त्रीय माहिती लपवायची नाही या मताची मी आहे. आईने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे झोपले नाही तर डोकं जाणार."

"शक्यता असते."

"आणि झोपायला गोळी घेतली तरी जाणार."

"तीही शक्यता असते."

"मग मी करू काय? बसून राहू?"

त्या आठवड्यात तिला मुळीच झोप आली नाही. गोळी घेऊनही. काकूने हे माझ्या खात्यात मांडलं, आणि जिन्यात मला गाठून सुनावलं, तू पाणी तपास, माणसं आम्ही बघतो. मी तिला सांगितलं की काकू, ती गोळी थोड्या दिवसांसाठी असते, वर्षानुवर्षं घ्यायची नसते. काकू म्हणाली, थोड्या दिवसांसाठी तर मी या घरात पाहुणी म्हणून आले होते. ती वर गेली, मी खाली उतरले, आणि दोघींनाही आपण जिंकलो असं वाटलं.

शेवटी मी माझ्या सुट्टीचा अर्ज दिला आणि आईला मोठ्या दवाखान्यात, मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. इंदूरला जायच्या आधी एकदा दाखवू, असं भावाला सांगितलं. तो म्हणाला दाखव, रिपोर्ट इकडे उपयोगी पडेल. त्याच्या डोक्यात गॅसचं कनेक्शन परतही झालं होतं.

डॉक्टर तरुण होते आणि थकलेले होते. त्यांनाच झोपेची गरज दिसत होती. त्यांनी आईला हिंदीत तीन शब्द सांगितले, आम, कुर्सी, ताला, आणि म्हणाले थोड्या वेळाने विचारतो. मग घड्याळ काढायला सांगितलं, उलटे आकडे म्हणायला सांगितले. आईने घड्याळ काढलं, काटे जरा कुठल्या कुठे गेले. मग त्यांनी शब्द विचारले. आम आला. कुर्सी आली. तिसरा येईना. आई बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तिसरा राहू द्या." विसरली होती की तो कुलपाचा शब्द तिला तोंडात घ्यायचा नव्हता, ते मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टरांनी कागदावर एक खूण केली.

मग ते लिहिता लिहिता सहज म्हणाले, "माताजी, कौन कौन सी दवा लेती हैं?"

जो तो तिला इतके दिवस एकच विचारत होता, माझी घेतलीस का? कोणकोणती घेतेस, हे विचारायला परका माणूस लागला. आईने सरळ सांगायला सुरुवात केली. बीपीची सकाळची. मग संध्याकाळची, जाऊबाईंची. मग दुकानवाल्या भाईसाहेबांची, पिवळी. मग मुलाची ती लाल वडी. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"रोज? तीनही?"

"रोज."

"किसने कहा तीनों एक साथ लेने को?"

कुणीच नाही, आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत, जणू मी लहान आहे आणि मला साधी गोष्ट कळत नाही अशा आवाजात तिने खुलासा केला. जाऊबाईंचा रोज संध्याकाळी फोन येतो, घेतली का म्हणून विचारतात. मुलाचा फोन येतो, तोही विचारतो. दुकानवाले भाईसाहेब येता-जाता विचारतात, आराम है ना? "आता कुणाला काय खोटं सांगू? घेतली नाही तर घेतली कशी म्हणू? आणि नाही घेतली म्हटलं तर एवढ्या मायेने दिलेल्या माणसाचं मन मोडायचं का?"

म्हणून ती तिन्ही घ्यायची. लोकांची मनं मोडू नयेत म्हणून माझ्या आईने स्वतःचं डोकं वेठीला धरलं होतं. आमच्यात यालाच संस्कार म्हणतात आणि लग्न ठरवताना तेच विचारतात.

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. ॲलर्जीची ती जुनी गोळी म्हाताऱ्या माणसाला गोंधळवते, ती आजपासून बंद. मुलाच्या वडीचा असा मोठा काही धोका नाही, पण गरजही नाही, तीही बंद. जाऊबाईंची मात्र एकदम थांबवायची नाही. इतकी वर्षं घेतल्यावर ती अचानक सोडली तर उलटते, झटकेसुद्धा येऊ शकतात. मी सांगेन तसतशी हळूहळू कमी करायची. दुपारची झोप कमी, चारनंतर चहा नाही, सकाळी उन्हात फेरी. मी विचारलं, म्हणजे हा आजार नाही ना? ते म्हणाले, आत्ता जो विसर आहे त्यातला किती गोळ्यांचा आहे ते गोळ्या निघाल्यावर दिसेल. आणि पुढचं? पुढच्यावर कुणी सही करत नाही, मी पण नाही. दसऱ्यानंतर पुन्हा आणा.

ते सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, तिकिटं तर काढली आहेत ताई. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तिकीट काढलं की निर्णय शहाणपणाचा वाटायला लागतो, एवढंच.

दुकानवाल्या भाईसाहबांना मी सांभाळलं. मी लॅबचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून गेले आणि त्यांनी ते कुठल्याशा मोठ्या खात्याचं समजून माझ्याशी अत्यंत आदराने बोलायला सुरुवात केली. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. काकूचं मात्र मी करू शकणार नव्हते. थोरल्या जावेने दिलेली वस्तू परत करायची तर ती धाकटीनेच केली पाहिजे. मधे मुलगी पडली तर ते भांडण होतं.

काकू आली ती गोळ्यांची नवी पट्टी घेऊनच. श्रावण होता, तिचा सोमवारचा उपास होता, आणि उपासाच्या दिवशी काकूला सगळ्यांचं भलं करायची सुरसुरी येते. तिने पट्टी पदराच्या गाठीतून सोडवून आईपुढे धरली. आईने हात पुढे केला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात लाटणं, लढाईत उतरायची वेळ आलीच तर म्हणून.

"जाऊबाई," आई म्हणाली, "आता डॉक्टर देतील तेवढीच घेणार. तुमची नको."

आईने काकूला कशालाच नको म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. काकूनेही ऐकलं नसावं, कारण तिने दोनदा विचारलं, नको म्हणजे? आई म्हणाली, नको म्हणजे नको. काकूने पट्टी परत गाठीत बांधली, पाणी न पिता उठली आणि जिना उतरताना खाली कुणीतरी ऐकेल अशा बेताने म्हणाली, शिकलेल्या पोरींनी घरं फोडली. मला याचं वाईट वाटलं नाही. माझ्या डिग्रीचा असा जाहीर उल्लेख आईखेरीज आमच्या खानदानातलं कुणी प्रथमच करत होतं.

पुढचे आठवडे वाईट गेले, ते रंगवून सांगत नाही. गोळी कमी होत गेली तसा आईचा जीव कावराबावरा व्हायचा, हात थरथरायचे, मी दिवसा जाऊन बसायचे. एकदा ती रडली आणि म्हणाली, दे ना त्यांची एक, कशाला छळतेस? मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी कमी करायचा वेग अजून कमी केला. इतकंच करायचं असतं, पण ते करणं सोपं नसतं.

आणि मग, गणपती उठल्यानंतर कधीतरी, आई जागी झाली.

आम्ही सगळे इतके दिवस म्हणत होतो की आईचं डोकं ठिकाणावर यावं. ते आलं, आणि कुणालाच सोसवेना. अकरा वाजता पेंगणारी बाई आता अकरा वाजता मला फोन करून विचारायची, की मी रविवारी आणलेली चटणी घरची सांगून बाजारातली का आणते. इंदूरच्या सुनेचा फोन नेमका सीरियल सुरू व्हायच्या आधी येतो आणि सुरू झाली की संपतो, हे तिने सुनेलाच सांगितलं. वडिलांच्या दिवसांत काकूने तिची पितळी परात नेली होती, ती तिला आठवली आणि तिने भर गल्लीत वरून हाक मारून परत मागितली. काकूने निदान बदललं. आधी सठियाई म्हणत होती, आता म्हणाली हिचं डोकं फिरलंय. आधी विसरत होती म्हणून, आता आठवतं म्हणून.

भावाने मला हळूच विचारलं, ताई, थोडी गोळी ठेवता येणार नाही का? अर्धी? ती आधी किती शांत होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो आला. दोन तिकिटं, दसऱ्याच्याच संध्याकाळची गाडी, आणि पिशवीत नवं कुलूप. आईची बॅग मीच भरली. आता जाऊ दे, बघू, असं आम्ही एकमेकांना म्हणत होतो. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात होती, पण इंदूरलाही डॉक्टर आहेत, असं भावाचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. आईला पुन्हा कुणी विचारलं नाही. सकाळी तिने पूजा मांडली. आमच्यात शस्त्रपूजेला पणजोबांची म्हणून सांगतात ती गंजकी तलवार ठेवतात, आणि तिच्या शेजारी वडिलांचा मिलमधला पाना. दोन्हींना सारखंच कुंकू लावलं जातं. मग श्रीखंड-पुरी झाली. भावाने पोटभर खाल्लं, रात्रपाळ्यांनी लाल झालेले डोळे चोळले आणि म्हणाला, पाचच मिनिटं पडतो, मला उठव आई. गाडीची वेळ सांगितली. तासभर आधी निघायचं, हेही सांगितलं. आणि आडवा होताक्षणी मेल्यासारखा झोपला.

आई त्याच्या उशाशी पाय पसरून गवारीच्या शेंगा मोडत बसली. मी भांडी घासून आले तर निघायची वेळ होत आली होती. मी त्याच्या खांद्याकडे हात नेला. आईने मान हलवली. मला वाटलं अजून वेळ आहे असं म्हणते आहे, म्हणून घड्याळाकडे बोट दाखवलं. तिने घड्याळाकडे बघितलं, नीट बघितलं, आणि शेंगा मोडत राहिली. मी खाली बसले आणि दुसरी मूठ मोडायला घेतली. बॅग दाराशी होती. खाली ओलीत लोक रावण बघायला निघाले होते, पोरांच्या पिपाण्या वाजत होत्या. एवढ्या आवाजात तो कूससुद्धा वळला नाही.

दिवे लागले तेव्हा तो धडपडून उठला. मोबाईल पाहिला.

"आई, गाडी?"

"गेली."

"उठव म्हटलं होतं ना. विसरलीस?"

मी आईकडे बघितलं. हो म्हटलं असतं तर कुणाचं मन मोडलं नसतं. मुलाला राग आला नसता, उलट दयाच आली असती. आणि उद्याच्या गाडीची तिकिटं त्याने तिथेच बसून काढली असती, कारण याहून मोठा पुरावा कुठला?

"विसरले नाही," आई म्हणाली. "साडेपाचची गाडी, साडेचारला निघायचं. तू दोनदा सांगितलंस. मी उठवलं नाही."

त्याने दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघितलं.

"मला तिकडे यायचं नाही. तेव्हा फोनवर हो म्हणाले ते गुंगीत. आता जागी आहे. उद्या पुन्हा विसरायला लागले तर तेव्हा बघू, तेव्हा तुम्ही न्याल तिथे येईन. आज नाही."

भाऊ हुशार आहे, परदेशी लोकांना दिवसरात्र समजावतो. त्याने मोबाईल उलटा करून उशीवर ठेवला. आईने शेंगांची ताटली माझ्याकडे सरकवली आणि त्याला चहा हवा का म्हणून विचारलं. स्वतःसाठी केला नाही. डॉक्टरांचे चार केव्हाच वाजून गेले होते.

पुढच्या आठवड्यात मी तिला डॉक्टरांकडे नेलं. नव्या तीन शब्दांतले तिला तीनही आठवले, आणि घरी येताना ती छत्री त्यांच्याच खोलीत विसरली. डॉक्टर म्हणतात, बरं आहे, पण सहा महिन्यांनी पुन्हा. मी लेख वाचणं सोडलेलं नाही, फक्त मोठ्याने वाचत नाही.

भाऊ गेला होता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकटाच. जिना उतरताना आईने त्याला वरून थांबवलं. मला वाटलं, जपून जा म्हणेल. तिने विचारलं, तो स्वतः कुठली गोळी न खाता, ती लाल वडी न घेता, आपला आपण असा शेवटचा कधी झोपला होता. कालची झोप सोडून.

तो बॅग हातात घेऊन पायरीवर उभा राहिला. खालून रिक्षावाला हाका मारत होता. त्याने बराच विचार केला, पण त्याला आठवेना.